मचूळ पाण्याचे खांब

सिमेंटचे ठोकळे फोडणं हा माझा धंदा आहे. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, याचे कोणी पैसे देतं का. देतं. चिंचपोकळीला पुलाच्या उतारावर माझा गाळा आहे. बांधकामावर ज्या दिवशी काँक्रीट ओततात, त्या दिवशी त्यातलंच थोडं लोखंडी साच्यात भरून ठोकळे पाडतात, पाण्यात बुडवून ठेवतात आणि ठरल्या दिवशी माझ्याकडे आणतात. मी ते मशीनखाली दाबते आणि किती दाबाला फुटले ते लिहून देते. ठोकळा खोटं बोलत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. ठोकळा विचारलं तेवढंच सांगतो.

काही वर्षांपूर्वी एक इंजिनियर माझ्याकडे पाण्याचं यंत्र घेऊन आला. कपाटाएवढं धूड, आत पंप, पुढे काचेची नळी. साध्या पाण्यात ते हवेचे इतके बारीक बुडबुडे सोडतं की डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना नॅनोबबल म्हणतात. साधा बुडबुडा वर येऊन फुटतो. हे इतके लहान की वर येतच नाहीत, पाण्यातच दिवसेंदिवस तरंगत राहतात. असं पाणी सिमेंटमध्ये घातलं तर सिमेंटचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होत नाहीत, प्रत्येक कणाला पाणी नीट पोचतं, आणि काँक्रीट अधिक दाट होतं, असं त्याचं म्हणणं. दाट काँक्रीटमध्ये ओल शिरायला जागा कमी, म्हणून आतलं लोखंड जास्त वर्षं टिकणार.

मी नव्या वस्तूंवर पटकन विश्वास ठेवत नाही. सिमेंट अमर करणारी पावडर विकायला दर वर्षी कोणी ना कोणी येऊन जातं. पण हा माणूस भाव सांगायच्या आधी म्हणाला, "मॅडम, तुम्हीच करून बघा." मी केलं. गाळ्यातल्या नळाचं पाणी घेतलं, अर्धं त्याच्या यंत्रातून काढलं, अर्धं तसंच ठेवलं. सिमेंट तेच, वाळू तीच, खडी तीच. यंत्राच्या पाण्याचे ठोकळे दर खेपेला थोडे जास्त सोसून फुटले. त्यांच्यात पाणीही कमी मुरलं. जादू नव्हती, पण फरक होता, आणि पुन्हा केलं तरी फरक येत होता. त्या पाण्याबद्दल माझं मत तेव्हा चांगलं झालं आणि आजही चांगलंच आहे. पुढे जे झालं त्यात त्या बुडबुड्यांचा दोष नव्हता. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण नंतर कोणी ऐकून घेतलं नाही.

माझी थोरली बहीण लालबागला एका चाळीत राहायची. लग्न होऊन तिथे गेली, सासू-सासरे तिथेच गेले, नवरा तिथेच गेला, मुलगी लग्न होऊन बाहेर पडली. उरली ती आणि दुसऱ्या मजल्यावरची खोली. चाळ लाकडी नव्हती. गिरण्या जोरात होत्या तेव्हा बांधलेली, काँक्रीटच्या खांबांची. तळमजल्याचे खांब सोलवटले होते. सळ्या बाहेर येऊन गंजल्या होत्या आणि लोक त्यांना कपडे वाळत घालायच्या दोऱ्या बांधत. शेवटी चाळीच्या कमिटीने दुरुस्ती काढली. जुना खांब खरवडायचा, त्याच्याभोवती नव्या सळ्या बांधायच्या आणि वरून नवीन काँक्रीटचं जाड कवच चढवायचं. आमच्या भाषेत खांबाला जॅकेट घालणं.

ठेकेदाराने त्या यंत्राबद्दल ऐकलं होतं. त्याने कमिटीला सांगितलं, कमिटीने ताईला, ताईने मला. मी सांगितलं, चांगलं आहे, घ्या. माझ्या नात्यातली चाळ म्हणून तिथले ठोकळे तपासायचं काम मी घेतलं नाही. ते दुसऱ्या लॅबकडे गेले.

यंत्र चाळीत आलं त्या दिवशी मी सहज गेले होते. चौकात हीऽ गर्दी. यंत्र सुरू झालं की काचेच्या नळीत पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं, आणि थोड्या वेळाने निवळून एकदम स्वच्छ. पहिल्या मजल्यावरचे एक आजोबा विचारत होते, हे पाणी पोटातल्या गॅसवर चालेल काय. दुसरा म्हणाला, "आजोबा, तुमच्यात आधीच बुडबुडे आहेत, तुम्हीच सिमेंटमध्ये उतरा." चाळीचे सेक्रेटरी, ज्यांना सगळे भाऊ म्हणायचे, हात मागे बांधून उभे होते. आयुष्यभर कोणत्या तरी कारकुनी नोकरीत साहेबांच्या मागे उभं राहिलेला माणूस, त्यामुळे यंत्रासमोरही तसाच उभा. मला म्हणाले, "आपल्या घरातल्या फिल्टरसारखंच आहे की हे. आत घाण घाला, बाहेर शुद्ध." मी म्हटलं, "फिल्टर नाही भाऊ, हे फक्त हवा मिसळतं." ते मान हलवत राहिले. लोक मान हलवतात तेव्हा त्यांनी ऐकलं असं आपण धरून चालतो.

आता पाण्याचं सांगायला हवं. त्या चाळीत पालिकेचं पाणी पहाटे थोडा वेळ येतं आणि जमिनीखालच्या टाकीत साठतं. टाकीचा कारभार ताईकडे. निवडणूक वगैरे काही झाली नव्हती. सासू करायची, म्हणून तिच्यानंतर ही. कोणाच्या घरी किती हंडे, कोणाकडे पाहुणे आहेत, कोणाकडे बाळंतीण आहे, सगळं तिला तोंडपाठ. टाकीचं पाणी प्यायला आणि जेवणाला. कपडे, लादी, संडास, गाड्या, गणपतीच्या मांडवासाठी खड्डे भिजवणं, या सगळ्याला चौकातल्या विहिरीचं. विहिरीला कधी उन्हाळा लागला नाही, पण ते पाणी मचूळ. कॉटन ग्रीनच्या गोदामांपलीकडे समुद्र, त्याचं पाणी जमिनीखालून कुठवर येतं ते कोणी बघितलंय? टाकीचं पाणी गाडीवर ओतलं म्हणून ताईने एका नगरसेवकाच्या भाच्याला भर चौकात झापलं होतं. चाळीत तिला मान होता तो यामुळे.

दुरुस्ती झाली. पहिल्या ठोकळ्यांचे आकडे आले तेव्हा भाऊंनी चाळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकला, ताईने तो मला पाठवला. आकडे माझ्या प्रयोगापेक्षाही चांगले होते. काँक्रीटने पहिल्याच आठवड्यात इतकी ताकद धरली होती की ठेकेदाराने टेकू लवकर काढले. पेढे वाटले गेले. वाईट आकडा आला की माणसं दहा वेळा विचारतात, कसं काय झालं. चांगल्या आकड्याला कोणी काही विचारत नाही.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. एका रविवारी ताईने जेवायला बोलावलं होतं. बांगड्याचं तिखलं केलं होतं. मी जिन्याशी चप्पल काढायला वाकले आणि कोपऱ्यातल्या खांबावर मला वरपासून खालपर्यंत एक बारीक तपकिरी रेघ दिसली. माझ्या हातात घराची किल्ली होती, तिने खांबावर ठोकलं. भरीव काँक्रीट टणटण वाजतं. हे बद्द वाजलं. शेजारच्या खांबावर ठोकलं. तोही बद्द. वर जाऊन मी जेवले, तिखल्याचं कौतुक केलं आणि काही बोलले नाही, कारण ठोकून बघणं हा पुरावा नव्हे.

दुसऱ्या दिवशी ड्रिल घेऊन गेले. नव्या कवचात भोक पाडून भुकटी काढली, जुन्या खांबाच्या गाभ्यातलीही थोडी घेतली. भुकटी आम्लात विरघळवून गाळायची आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. मीठ असेल तर पांढरा साका येतो. जुन्या काँक्रीटमध्ये जेमतेम धुरकटलं. नव्याचं दूध झालं. मी पुन्हा केलं, पुन्हा तेच. मीठ बाहेरून हळूहळू शिरलं असतं तर वरच्या थरात जास्त आणि आत कमी सापडलं असतं. इथे सगळीकडे सारखं होतं. म्हणजे ते कालवतानाच आत गेलं होतं. आणि मिठामुळे सिमेंट लवकर आवळतं, पहिल्या दिवसांत ताकद झपाट्याने धरतं. पेढे कशाचे वाटले होते ते आता मला कळलं.

संध्याकाळी ताईकडे गेले. ती भाजी निवडत होती.

"यंत्राला पाणी कुठलं दिलं होतं?" मी विचारलं.

"कुठलं म्हणजे? विहिरीचं."

"टाकीचं का नाही?"

तिने भाजी खाली ठेवली. "प्यायचं पाणी सिमेंटात ओतायला देऊ? इथे बाळंतिणीला दुसरी कळशी द्यायची तर मला दहा वेळा विचार करावा लागतो, नि ठेकेदाराला पिंपंच्या पिंपं देऊ?"

मग तिने सगळं सांगितलं, आणि अभिमानाने सांगितलं. ठेकेदार टाकीच्या पाण्यासाठी आला होता. तिने चक्क नाही म्हटलं. तो भाऊंकडे गेला. भाऊ म्हणाले, यंत्र पाणी शुद्ध करतंच आहे, आपण डोळ्यांनी पाहिलं, मग विहिरीचं घातलं काय नि नळाचं घातलं काय. ठेकेदाराला विहीर हाताशी होती, टँकर मागवायचा खर्च वाचत होता, त्यानेही वाद घातला नाही. यंत्र बसवून देणारा इंजिनियर तोवर निघून गेला होता. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं. चाळीतल्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तरी तिने हेच केलं असतं. आई जिवंत असती तर तिनेही.

मी तिला मिठाचं सांगितलं. काँक्रीटला मीठ चालून जातं, आतल्या लोखंडाला चालत नाही. लोखंड गंजतं, गंजलं की फुगतं, आणि फुगलं की आतून काँक्रीट फोडतं.

"खारट कुठे आहे ते? मचूळ आहे. आम्ही चुळा भरतो त्याने."

"तोंडाला मचूळ, लोखंडाला खारट."

"आणि ते बुडबुडे? ते टिकवणार होते ना?"

"बुडबुड्यांनी काँक्रीट दाट केलं. बाहेरचं मीठ आत आलं नसतं. आपण ते आत घालून दार लावलं."

मग तिने माझ्या मनात होतं तेच विचारलं, "खोली सोडावी लागणार?"

या भागात राहणाऱ्या माणसाला या प्रश्नाचा अर्थ समजवावा लागत नाही. दुरुस्तीसाठी, नव्या इमारतीसाठी, कशासाठीही एकदा खोली सोडली की माणूस तिकडे लांब ट्रान्झिटच्या तात्पुरत्या खोलीत जातो, आणि परत आलेला कोणी सहसा दाखवता येत नाही. आमच्या ओळखीत एक माणूस ट्रान्झिटमध्येच आजोबा झाला. म्हणून लोक डोक्यावर स्लॅबचे पोपडे पडले तरी खोली धरून बसतात.

मी म्हटलं, "खांब परत फोडायचे तर वर माणसं ठेवून नाही फोडता येणार. नव्या सळ्यांचा भरवसा गेला, जुन्या आधीच गंजाने खाल्लेल्या आहेत."

"मग लिहू नकोस."

"ताई."

"थोडे दिवस थांब, एवढंच म्हणते."

"थोडे दिवस म्हणजे किती?"

"मी आहे तोवर."

ती माझ्याहून मोठी, पण धडधाकट. मी म्हटलं, "तू एकटी राहत नाहीस इथे. तुझ्या डोक्यावर दोन मजले आहेत, पायाखाली दोन." तिने भाजी पुन्हा निवडायला घेतली. मी निघाले तेव्हा दारापर्यंत आली नाही. हे आमच्यात पहिल्यांदाच झालं.

मी लिहिलं. चाळीच्या सल्लागार इंजिनियरला दिलं. त्यांनी स्वतः नमुने काढून दुसरीकडे तपासले, तेच आलं. काही आठवड्यांत चाळ रिकामी करायची नोटीस भिंतीवर लागली.

मग चौकात सभा झाली. मला बोलावलं होतं, म्हणून गेले. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक माइक, तो कोणी वापरला नाही कारण सगळे ओरडतच होते. मी जे झालं ते साध्या शब्दांत सांगितलं. मागून एक जण म्हणाला, बुडबुड्यांनी बुडवलं. लोक हसले. दुसऱ्याने विचारलं, मॅडम माटुंग्याला राहतात ना, त्यांना काय जातंय सांगायला. तिसऱ्याने माझी आणि बिल्डरची भागीदारी असल्याचं जाहीर केलं. हे मी धरूनच गेले होते. ठेकेदार फोन उचलत नव्हता. भाऊ पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसले होते, जमिनीकडे बघत. मी पुन्हा पुन्हा सांगितलं की यंत्र चांगलं आहे, पाणी चुकलं. त्याचा परिणाम एवढाच झाला की कोणीतरी नेमका प्रश्न विचारला, "मग विहिरीचं पाणी दिलं कोणी?"

भाऊंनी मान वर केली नाही. ते बोलू शकले असते. निर्णय कमिटीचा होता, निदान त्यांचा होता.

ताई बायकांच्यात बसली होती. ती उठून उभी राहिली.

"टाकीचं पाणी मी दिलं नाही," ती म्हणाली. "म्हणून त्यांनी विहिरीचं घेतलं."

ज्यांच्या घरी तिने लग्नकार्याला जास्तीचे हंडे सोडले होते, त्या बायका तिच्या दोन्ही बाजूंना बसल्या होत्या. त्यांच्यातलं कोणी बोलेल असं मला वाटलं. मग मागून आवाज आला, तिच्या मजल्यावरच्याच एका माणसाचा.

"मग पहिली तू जा."

तो रागाने नाही म्हणाला. वाद संपवायला म्हणाला. ताईने मान हलवली, जणू त्याने भाजीचा भाव सांगितला, आणि खाली बसली.

आणि ती खरंच पहिली गेली. बाकीचे नोटिशीला उत्तर द्यायच्या, वकील करायच्या, कोणाच्या तरी ओळखीने तारीख वाढवून घ्यायच्या गोष्टी करत असताना तिने कपाट, पलंग आणि भांडी टेम्पोत चढवली. मी म्हटलं होतं, माझ्याकडे ये. ती म्हणाली, ट्रान्झिटची खोली घेतली नाही तर नावच कटतं. बरोबर होतं. आणखीही एक कारण होतं, ते ती बोलली नाही: लिहिणारी मी होते. टेम्पोत सामान चढवायला चाळीतलं कोणी पुढे आलं नाही. गॅलऱ्यांमधून बघत होते सगळे. दुसऱ्या मजल्यावरच्या तिच्या खोलीत दिवा लागायचा बंद झाला, आणि मग तिच्या खालचे घाबरले, मग शेजारचे. लहान मुलं असलेले आधी गेले. पावसाच्या आत चाळ रिकामी झाली. नोटिशीने जे झालं नसतं ते एका बंद खोलीने केलं, असं सल्लागार इंजिनियर मला म्हणाले. मी ते ताईला सांगितलं नाही.

आता ती तिकडे वर उपनगरात, खाडीच्या बाजूला, एका उंच इमारतीत राहते. खिडकीतून खारफुटी दिसते आणि भराव दिसतो. चाळीतली बरीच घरं त्याच इमारतीत आहेत. पहिल्या वर्षी ते तिच्याशी बोलत नव्हते. आता बोलतात, पण एकच गोष्ट. कोणी ना कोणी लालबागला जाऊन आलेलं असतं, बाजाराला, दर्शनाला, आणि लिफ्टमध्ये तिला ऐकू जाईल असं सांगतं: चाळ उभी आहे हो अजून. आत्ताच बघून आलो. ठणठणीत. उगाच हाकललं आपल्याला.

ते खरंच आहे. चाळ उभी आहे. खाली लोखंडी टेकू, फाटकाला कुलूप, वर गॅलऱ्यांत कबुतरं. मालक आणि भाडेकरू यांचं भांडण कुठल्या तरी कचेरीत पडलंय. मी कामानिमित्त तिथून जाते तेव्हा कुंपणाच्या जाळीतून बघून घेते. कोपऱ्यातल्या खांबाचं कवच सुटत चाललंय, मधे बोट जाईल एवढी फट आहे. पण लोक फाटकातून खांब बघत नाहीत. ते वर आपल्या खोलीच्या खिडकीकडे बघतात, आणि ती जागेवर असते.

गेल्या महिन्यात मी ताईकडे गेले होते. जेवताना तिने विचारलं, लालबागला गेली होतीस काय गो. मी हो म्हटलं.

"कसे आहेत खांब?"

"वाईट. फट वाढलीय."

"टेकू?"

"आहेत."

ती माझ्या ताटात आमटी वाढत होती. वाढता वाढता थांबली.

"पडेल ना?" तिने विचारलं.

मला आधी वाटलं, तिला भीती वाटतेय. मग तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कळलं की तसं नाही. जिथे तिने आयुष्य काढलं ते घर पडावं, म्हणजे लिफ्टमधल्या लोकांना कळेल, याची ती वाट बघत होती. तिला दुसरं काही नको होतं, परत जाणंसुद्धा नको होतं.

खोटं बोलणं सोपं होतं. या पावसाळ्यात, असं म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

"सांगता येत नाही, ताई. टेकू आहेत तोवर उभी राहील. कदाचित वर्षानुवर्षं. मग एक दिवस कोणीतरी येऊन पाडेल."

"पाडेल," ती म्हणाली. "म्हणजे आपली आपण नाही पडणार."

"नाही सांगता येत."

ती उठली आणि माझं ताट उचलून मोरीकडे घेऊन गेली. त्यात अजून भात होता.